हीट पंपाच्या घरासाठी विजेचा करार: जर्मनीतील ग्राहकांसाठी

जर्मनीत हीट पंपावर तापणाऱ्या घराचा विजेचा खर्च पुरवठादार कोण, यापेक्षा मीटरच्या कपाटात मीटर किती, यावर जास्त अवलंबून असतो. बहुतेक ग्राहक मात्र सुरुवात करतात ती चेक२४ किंवा फेरिव्हॉक्स अशा तुलनेच्या संकेतस्थळांपासून. तिथे घरगुती विजेचा एक रकाना आणि हीट पंपाच्या विजेचा दुसरा, स्वस्त रकाना दिसतो आणि प्रश्नांची रांग लागते. हा स्वस्त दर आपल्याला लागू होतो का? दुसरा मीटर बसवावाच लागतो का? दर तासाला बदलणारा भाव घ्यावा की वर्षभर बांधलेला? या प्रश्नांची उत्तरे अवघड नाहीत, पण क्रम बदलावा लागतो. आधी मीटरचा निर्णय, मग ग्रिडच्या सवलतीचा प्रकार आणि सर्वांत शेवटी पुरवठादार.

महाराष्ट्रातून गेलेल्या कुटुंबांची एक सवय इथे आड येते. महावितरणच्या बिलात वापर वाढला की वरचा स्लॅब लागतो. त्यामुळे हीट पंपाचे चार-पाच हजार युनिट घराच्याच मीटरवर आले तर दर चढेल, अशी धास्ती वाटते. जर्मनीतील घरगुती दराला असे स्लॅब नसतात. पहिल्या युनिटाचा आणि सात हजाराव्या युनिटाचा भाव एकच असतो. वापर वाटून घेण्यासाठी दुसरा मीटर लावणे म्हणूनच निरर्थक आहे. दुसऱ्या मीटरचा फायदा होतो, पण तो वेगळ्या कारणाने.

बिलातील कोणता भाग कमी होऊ शकतो

जर्मन बिलात ग्राहकाला दोनच आकडे ठळक दिसतात: वर्षाचा स्थिर आकार, म्हणजे ‘ग्रुंटप्राइस’, आणि दर युनिटाचा भाव, म्हणजे ‘आर्बाइट्सप्राइस’. महावितरणच्या बिलात वेगळा छापलेला वहन आकार इथे युनिटच्या भावातच मिसळलेला असतो. याच भावात ग्रिड कंपनीचा वहन आकार (‘नेत्सएन्टगेल्ट’), वीजकर, काही अधिभार, नगरपालिकेला जाणारे शुल्क आणि १९ टक्के मूल्यवर्धित कर हे सारे येते. पुरवठादाराच्या हातात असलेला भाग यातला निम्म्याहून कमी असतो.

वहन आकार साधारण पाव भाग असतो. तो पुरवठादार ठरवत नाही, स्थानिक ग्रिड कंपनी ठरवते. म्हणून एकाच पुरवठादाराचा दर दोन शेजारच्या जिल्ह्यांत वेगळा निघतो आणि म्युनिकमधल्या मित्राने सुचवलेला करार ब्रांडेनबुर्गमधल्या घराला तसाच लागू पडत नाही. हीट पंपाला मिळणारी मुख्य सवलत याच भागात असते. स्वतःच्या ग्रिड कंपनीचे चालू वर्षाचे दरपत्रक तिच्या संकेतस्थळावर ‘प्राइसब्लाट’ या नावाने मिळते. पुढचा सगळा हिशेब त्यातल्या एका आकड्यावर उभा आहे: वहन आकाराचा प्रतियुनिट दर.

सवलत कोणाला मिळते

१ जानेवारी २०२४ पासून ऊर्जा कायद्याच्या कलम १४अ खाली नवे नियम लागू झाले. ४.२ किलोवॉटपेक्षा जास्त विद्युत क्षमतेचा हीट पंप त्या तारखेनंतर जोडला असेल, तर ग्रिडवर ताण आल्यास ग्रिड कंपनी त्याची वीज तात्पुरती कमी करू शकते. बदल्यात वहन आकारात सूट मिळते. हे ऐच्छिक नाही. क्षमता मर्यादेपेक्षा जास्त असली की नियमही लागू आणि सूटही लागू.

मर्यादा मोजताना एक गोष्ट नेहमी सुटते. घरगुती हीट पंपाचा कॉम्प्रेसर अनेकदा तीन-साडेतीन किलोवॉटच घेतो, पण त्यासोबत कडाक्याच्या थंडीसाठी विजेची हीटिंग रॉड असते. तिची क्षमताही बेरजेत धरतात. सहा किंवा नऊ किलोवॉटच्या रॉडसह जवळपास प्रत्येक घर मर्यादेच्या वर जाते. कॉम्प्रेसरचा आकडा पाहून सवलतीवर पाणी सोडू नये. बसवणाऱ्या कंत्राटदाराने ग्रिड कंपनीकडे केलेल्या नोंदणीची प्रत मागून घ्यावी.

वीज कमी केली तर घर गारठेल ही भीती मात्र फारशी खरी नाही. पंपाला किमान ४.२ किलोवॉट मिळत राहतात आणि ११ किलोवॉटपेक्षा मोठ्या पंपाला त्याच्या क्षमतेच्या ४० टक्के. घरातला स्वयंपाक, दिवे, वॉशिंग मशीन यांना हात लागत नाही. जमिनीखालून तापणाऱ्या घरात तासभर पंप मंद चालला तर ते थर्मामीटरशिवाय कळणारही नाही.

२०२४ पूर्वी जोडलेल्या पंपांची गोष्ट निराळी. ज्यांच्याकडे जुना सवलतीचा करार आहे, त्यांचा पुरवठा दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी दोन तासांपर्यंत पूर्ण बंद ठेवता येतो. हे करार ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत चालतील, मग ती घरे नव्या नियमात येतील. त्याआधी स्वेच्छेने नव्या नियमात जाता येते, पण परतीची वाट नाही. जुना पंप आणि कोणताच सवलतीचा करार नाही, अशा घरांवर कसलीच सक्ती नाही.

सवलतीचे तीन प्रकार

नियमात यांना ‘मॉड्यूल’ म्हणतात.

- मॉड्यूल १. वर्षाला एकरकमी सूट. सूत्र ठरलेले आहे: ८० युरो, अधिक ३,७५० युनिटच्या वहन आकाराचा पाचवा हिस्सा. ग्रिडनुसार ही रक्कम करासह ११० ते १९० युरोंच्या दरम्यान पडते. वेगळा मीटर लागत नाही. ग्राहकाने काहीच निवडले नाही तर हाच प्रकार लागू होतो. घरात हीट पंप आणि मोटारीचा चार्जर दोन्ही एकाच मीटरवर असले तरी सूट एकदाच.
- मॉड्यूल २. हीट पंपाच्या प्रत्येक युनिटावरचा वहन आकार ६० टक्के कमी. यासाठी पंपाला स्वतंत्र मीटर हवा. त्या मीटरवर ग्रिडचा स्थिर आकार लागत नाही.
- मॉड्यूल ३. एप्रिल २०२५ पासून उपलब्ध. वहन आकार दिवसाच्या वेळेनुसार तीन पातळ्यांत बदलतो. हा फक्त मॉड्यूल १ च्या जोडीला घेता येतो आणि त्यासाठी स्मार्ट मीटर अनिवार्य आहे.

स्वतंत्र मीटरला आणखी एक लाभ जोडलेला आहे. ज्या मीटरवर केवळ हीट पंप आहे, त्याला सहनिर्मिती आणि सागरी ग्रिड यांसाठीचे दोन अधिभार माफ होतात. २०२५ मध्ये त्यांची बेरीज करासह प्रतियुनिट सुमारे १.३ सेंट होती. ही माफी आपोआप मिळत नाही. ती ग्रिड कंपनीकडे कळवावी लागते आणि हे काम सहसा पुरवठादार करतो. करारावर सही करण्यापूर्वी ‘अधिभारमाफीची नोंद आपण करणार का आणि तिचा फायदा दरात दिला आहे का’ हे लेखी विचारावे. मोटारीचा चार्जर त्याच मीटरवर जोडला तर ही माफी हातची जाते.

एक मीटर की दोन: हिशेब कसा करावा

पहिला आकडा हवा तो पंपाच्या वार्षिक वापराचा. पूर्वी गॅस असेल तर जुन्या बिलातून तो काढता येतो. समजा गॅस १६,००० युनिट लागत होता. बॉयलरची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर घराला प्रत्यक्षात १४,४०० युनिट उष्णता मिळत होती. हीट पंप एका युनिट विजेत वर्षाच्या सरासरीने किती युनिट उष्णता देतो, त्या आकड्याने याला भागायचे. या आकड्याला ‘यारेस-आर्बाइट्सत्साल’ म्हणतात. जुन्या रेडिएटरच्या घरात तो ३ च्या आसपास राहतो, जमिनीखालच्या हीटिंगला ४ च्या पुढे जाऊ शकतो. ३.२ धरला तर ४,५०० युनिट. विक्रेत्याच्या माहितीपत्रकातला आकडा प्रयोगशाळेतला असतो. हिशेबाला तो जरा कमी करूनच घ्यावा.

आता दुसरा आकडा: वहन आकाराचा दर. तो करासह ८ सेंट असेल तर मॉड्यूल १ ची सूट ८० अधिक ६०, म्हणजे १४० युरो. मॉड्यूल २ मध्ये प्रतियुनिट ४.८ सेंट वाचतात, म्हणजे ४,५०० युनिटांवर २१६ युरो. वरवर पाहता मॉड्यूल २ सरस, पण दुसऱ्या मीटरबरोबर दुसरा करार आणि दुसरा स्थिर आकारही येतो. म्हणून तुलना पूर्ण खर्चाचीच करावी.

उदाहरणासाठी असे धरू: घरगुती वीज ३० सेंट आणि १५० युरो स्थिर आकार, सवलती वजा करून हीट पंपाची वीज २२ सेंट आणि ११० युरो स्थिर आकार, त्यात मीटरभाडे आलेच. घराचा इतर वापर ३,००० युनिट.

- पंप ४,५०० युनिट घेत असेल तर एका मीटरवर मॉड्यूल १ चे १४० युरो वजा जाता वर्षाला २,२६० युरो, दोन मीटरवर २,१५०. दुसरा मीटर ११० युरो वाचवतो.
- उत्तम उष्णतारोधन असलेल्या नव्या घरात पंपाला २,२०० युनिट पुरतात. एका मीटरवर १,५७० युरो, दोन मीटरवर १,६४४. दुसरा मीटर तोट्याचा.
- जुन्या, मोठ्या घरात ८,००० युनिट लागतात. एका मीटरवर ३,३१० युरो, दोन मीटरवर २,९२०. इथे दुसरा मीटर ३९० युरो वाचवतो.

या दरांत पारडे ३,१२५ युनिटांना फिरते. आपल्या गावचे दर घालून हाच हिशेब पुन्हा करावा. ग्रिड जितकी महाग, तितका दुसरा मीटर लवकर परवडतो. केवळ दोन मॉड्यूलची तुलना केली तर वहन आकार ५ सेंट असताना मॉड्यूल २ साधारण ३,९०० युनिटांनंतर पुढे जाते. तो १२ सेंट असेल तर २,४०० युनिटांच्या आधीच.

यात कपाटाचा खर्च अजून धरलेला नाही. नवीन बांधकामात दुसऱ्या मीटरची जागा आधीच ठेवता येते आणि खर्च किरकोळ पडतो. जुन्या घरात मात्र मीटरचे कपाट आजच्या नियमांत बसत नसेल तर ते संपूर्ण बदलावे लागते. त्याचे बिल हजार-दोन हजार युरोंवर जाऊ शकते. वर्षाला ११० युरो वाचवण्यासाठी १,१०० युरोंचे काम काढले तर ते फिटायला दहा वर्षे जातात. एवढा काळ दर आणि नियम तसेच राहतील असे धरणे धाडसाचे आहे. इलेक्ट्रिशियनचे लेखी अंदाजपत्रक हातात आल्याशिवाय हा निर्णय घेऊ नये.

छतावर सौर पॅनेल असतील तर

सौर वीज असलेल्या घराला सहसा एकच मीटर सोयीचा. पॅनेल घराच्या मीटरमागे जोडलेले असतात. हीट पंप वेगळ्या मीटरवर गेला तर छतावरची वीज त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. दुपारी स्वतःची वीज ग्रिडला कमी भावात द्यायची आणि त्याच क्षणी पंपासाठी विकत घ्यायची, असा उफराटा व्यवहार होतो. यावर उपाय म्हणून दोन मीटर एकामागोमाग जोडण्याची मांडणी आहे. ती ग्रिड कंपनीच्या संमतीने होते, पण काम व हिशेब दोन्ही गुंतागुंतीचे, आणि काही पुरवठादार अशा जोडणीला करारच देत नाहीत. पॅनेल लावायचा विचार पुढच्या दोन-तीन वर्षांत असेल, तरी तो आत्ताच्या मीटरच्या निर्णयात धरावा.

सौर विजेकडून अपेक्षाही बेताची ठेवावी. डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा पंप सर्वांत जास्त चालतो, तेव्हा जर्मनीतील छप्पर अगदी थोडी वीज देते. खरा उपयोग मार्च-एप्रिल, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि उन्हाळ्यातील गरम पाण्यासाठी.

बांधलेला भाव की बदलता भाव

२०२५ च्या आरंभापासून प्रत्येक पुरवठादाराला स्मार्ट मीटर असलेल्या ग्राहकासाठी बदलता दर देणे बंधनकारक आहे. या दरात युनिटचा भाव वीजबाजाराबरोबर खालीवर होतो. उद्याचे भाव आज दुपारी एकच्या सुमारास जाहीर होतात आणि ऑक्टोबर २०२५ पासून ते दर पंधरा मिनिटांचे असतात.

जाहिरातीत शून्याखालच्या भावांचा गाजावाजा होतो. २०२४ मध्ये जर्मनीत ४५७ तास बाजारभाव उणे होता, हे खरे. पण त्यावर कर, वहन आकार आणि अधिभार मिळून पंधरा-वीस सेंट चढतातच, त्यामुळे फुकट वीज क्वचितच मिळते. शिवाय हे तास बहुतांशी वसंत आणि उन्हाळ्यातल्या दुपारचे. हीट पंपाचा हंगाम याच्या बरोबर उलटा आहे. १२ डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी वारा पडलेला आणि सूर्य मावळलेला असताना बाजारभाव एका तासासाठी प्रतियुनिट सुमारे ९३ सेंटवर गेला होता, तोही कर आणि वहन आकार धरण्यापूर्वी. असे दिवस वर्षात मोजकेच. ते सोसण्याची तयारी मात्र हवी.

बदलता दर फायद्याचा ठरतो की नाही हे घराच्या अंगी किती ढील आहे यावर ठरते. जमिनीखालचे हीटिंग आणि जड भिंती असतील तर घर दोन-तीन तास आधी तापवून ठेवता येते. काँक्रीटचा थरच साठवणीचे काम करतो. हलक्या बांधकामाच्या, रेडिएटर असलेल्या घरात ही मोकळीक फार कमी. गरम पाण्याची टाकी मात्र कोणत्याही घरात स्वस्त तासांवर लावता येते. इलेक्ट्रिक मोटार असेल तर चित्रच बदलते, कारण तिचे चार्जिंग रात्रभरात कुठेही सरकवता येते आणि मोटारीवर वाचलेला पैसा पंपाचे महागडे तास झाकून टाकतो. मोटार नाही, बॅटरी नाही, रेडिएटरचे घर आहे, अशा कुटुंबाने बांधलेलाच भाव घ्यावा, हे बरे.

स्वस्त तासात जास्त तापवण्याची एक किंमतही असते आणि दरांच्या जाहिराती ती सांगत नाहीत. साठवण्यासाठी पाणी जितके गरम करावे तितकी पंपाची कार्यक्षमता घसरते, दर अंशाला ढोबळमानाने दोन ते अडीच टक्के. पाच अंश वाढवले तर दहा टक्क्यांहून अधिक वीज जादा लागते. स्वस्त आणि महाग तासांतला फरक त्याहून बराच मोठा असेल तरच खटाटोप करावा. पहाटे तीनची वीज स्वस्त असते, पण बाहेरची हवाही तेव्हा बरीच थंड असते आणि हवेवर चालणाऱ्या पंपाला तेव्हा जास्त श्रम पडतात. दुपारचा स्वस्त तास म्हणून रात्रीच्या तितक्याच स्वस्त तासापेक्षा चांगला.

मॉड्यूल ३ हा या दोन टोकांमधला बऱ्यापैकी सुरक्षित मार्ग आहे. युनिटचा मूळ भाव बांधलेला ठेवून केवळ वहन आकार वेळेनुसार बदलतो. सर्वांत स्वस्त पातळी नेहमीच्या वहन आकाराच्या १० ते ४० टक्के असते, सर्वांत महाग पातळी जास्तीत जास्त दुप्पट. वेळा ग्रिड कंपनी ठरवते आणि दरपत्रकात वर्षासाठी आधी छापते. बहुतेक ठिकाणी महाग वेळ संध्याकाळची. पंपाच्या वेळापत्रकात ते दोन-चार तास टाळण्याची सूचना एकदा भरली की रोज भाव पाहत बसावे लागत नाही. काही ग्रिड कंपन्यांच्या वेगळ्या पातळ्या वर्षातल्या काहीच तिमाहींत लागू असतात. त्यात हिवाळा येतो का हे आधी तपासावे.

स्मार्ट मीटर

कलम १४अ खालच्या घराला स्मार्ट मीटर लागणारच आहे. तो बसवण्याची जबाबदारी मीटरचालकाची. अशा घरासाठी वर्षाचे शुल्क ५० युरोंपर्यंत, आणि वीज नियंत्रित करणारी पेटी जोडली की आणखी ५० युरोंपर्यंत. वाट न पाहता ग्राहक स्वतः मागणी करू शकतो. मागणीनंतर चार महिन्यांत मीटर बसवला पाहिजे, मात्र त्यासाठी साधारण १०० युरोंपर्यंत एकरकमी शुल्क लावता येते. नुसता आकडे दाखवणारा डिजिटल मीटर म्हणजे स्मार्ट मीटर नव्हे. त्याला संदेश पाठवणारे उपकरण जोडलेले नसेल तर बदलता दर आणि मॉड्यूल ३ दोन्ही मिळत नाहीत.

पुरवठादार निवडताना

इथवरचे निर्णय झाले की तुलनेची संकेतस्थळे उपयोगी पडतात. एक मीटर असेल तर साधा घरगुती दर शोधावा आणि वापराच्या रकान्यात घर व पंप यांची बेरीज भरावी. दोन मीटर असतील तर दोन वेगळे शोध. दोन्ही करार एकाच कंपनीचे असण्याची गरज नाही. ‘हीट पंप दर’ या नावाखाली दाखवलेले बहुतेक दर स्वतंत्र मीटर गृहीत धरून असतात. त्यात मॉड्यूल २ ची सूट आधीच वजा केली आहे की नंतर होणार आहे, हे प्रत्येक ठिकाणी वाचून पाहावे. सूट वजा न केलेला दर महाग दिसतो आणि ग्राहक चांगला करार सोडून देतो, उलटही घडते.

शोधताना पुढील गोष्टी बदलून घ्याव्यात, कारण संकेतस्थळे त्या आपल्या सोयीने भरून ठेवतात:

- नव्या ग्राहकाचा बोनस हिशेबातून काढावा. तो पहिल्याच वर्षी मिळतो आणि दुसऱ्या वर्षीचा खरा दर झाकतो.
- वर्षभराचे पैसे आगाऊ मागणारे करार वगळावेत. २०११ मध्ये टेलडाफाक्स ही कंपनी बुडाली तेव्हा आगाऊ पैसे भरलेल्या लाखो ग्राहकांना ते परत मिळवताना वर्षे घालवावी लागली.
- भावाची हमी कशाची आहे ते पाहावे. मर्यादित हमीत कर, अधिभार आणि काही वेळा वहन आकारही धरलेला नसतो.
- मुदत बारा महिन्यांपेक्षा जास्त नसलेली बरी. पहिली मुदत संपल्यावर करार महिनाभराच्या सूचनेने सोडता येतो.

मासिक हप्ता, म्हणजे ‘आबश्लाग’, कमी दिसतो म्हणून भुलू नये. तो अंदाज असतो. गॅसच्या काळातला वापर कळवून करार घेतला, तर हप्ता लहान राहतो आणि वर्षअखेरीच्या हिशेबात चार आकडी रक्कम अंगावर येते. पंप सुरू झाल्याच्या दिवशी मीटरचे वाचन छायाचित्रासह नोंदवावे, नवा वापर पुरवठादाराला कळवावा आणि हप्ता वाढवून घ्यावा. पहिल्या हिवाळ्यात दर महिन्याला वाचन लिहून ठेवले तर हीटिंग रॉड गरज नसताना चालत असल्याचेही कळते. कोणत्याही स्वस्त दराने भरून निघणार नाही इतकी वीज ती रॉड खाऊ शकते.

करार करताना मीटर क्रमांक आणि अकरा अंकी जोडणी क्रमांक, म्हणजे ‘मालो-आयडी’, लागतो. तो जुन्या बिलावर असतो. दोन मीटर असतील तर दोन क्रमांक. हे क्रमांक एकमेकांच्या जागी पडण्याचा घोळ नेहमीचा आहे आणि मग घराची वीज पंपाच्या दराने व पंपाची घराच्या दराने आकारली जाते. मॉड्यूलची निवड ग्रिड कंपनीकडे नोंदवली आहे याची खात्री करावी. सूट मात्र पुरवठादाराच्या बिलातून येते. तिथे ती वेगळी दाखवलेली नसेल तर विचारणा करावी.

घर बदलताना आणि भाड्याच्या घरात

नव्या घरात शिरताना करार नसेल तर वीज बंद राहत नाही. स्थानिक मूळ पुरवठादार ती देतो, पण त्याचा दर सहसा चढा असतो. पूर्वी राहायला आल्यानंतर काही आठवड्यांतही मागील तारखेपासून स्वस्त करार लावून घेता येत असे. ६ जून २०२५ पासून पुरवठादार बदलण्याची तांत्रिक प्रक्रिया कामाच्या एका दिवसात होते, पण मागील तारखेची नोंदणी बंद झाली. किल्ली हातात येण्याच्या आधीच करार करून ठेवावा. मूळ पुरवठादाराकडून बाहेर पडायला दोन आठवड्यांची सूचना पुरते.

इमारतीचा सामाईक हीट पंप घरमालकाच्या मीटरवर असेल, तर भाडेकरूला त्याचा दर निवडता येत नाही. तो खर्च वार्षिक हीटिंगच्या हिशेबातून येतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा इमारतींनाही प्रत्यक्ष वापरानुसार खर्च वाटण्याचा नियम लागू आहे. नुसत्या चौरस मीटरवर वाटलेला हिशेब आला तर भाडेकरूने कागदपत्रे पाहण्यास मागावीत. भाड्याच्या स्वतंत्र घरात पंपाचा मीटर भाडेकरूच्या नावावर असेल, तर पुरवठादार तोच निवडतो. दुसरा मीटर लावणे किंवा काढणे मात्र मालकाच्या संमतीशिवाय करता येत नाही.

हक्क आणि तक्रार

- ऑनलाइन, फोनवर किंवा दारावर केलेला करार १४ दिवसांत कारण न देता मागे घेता येतो. दारावर येऊन फक्त मीटर पाहू देण्याची विनंती करणाऱ्या विक्रेत्याला मीटर क्रमांक दाखवू नये. तेवढ्यावर पुरवठादार बदलल्याचे प्रकार झाले आहेत.
- भाव वाढवायचा असेल तर पुरवठादाराने किमान एक महिना आधी स्पष्टपणे कळवले पाहिजे. मूळ पुरवठादारासाठी ही मुदत सहा आठवडे. वाढ लागू होण्याच्या दिवसापासून करार मोडण्याचा विशेष हक्क ग्राहकाला असतो. तो स्वतः लेखी वापरावा, नव्या कंपनीवर सोडू नये.
- घर बदलताना सहा आठवड्यांच्या सूचनेने करार संपवता येतो. नव्या पत्त्यावर त्याच अटींवर पुरवठा देण्याची तयारी जुन्या कंपनीने दाखवली तर मात्र हा हक्क उरत नाही.
- अंतिम बिल सहा आठवड्यांत मिळाले पाहिजे.

सूट लागली नाही, दोन मीटरची अदलाबदल झाली किंवा अधिभारमाफी दिली नाही, तर प्रथम पुरवठादाराकडे लेखी तक्रार करावी. त्याला उत्तरासाठी चार आठवडे असतात. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर बर्लिनमधील ‘श्लिश्टुंग्सष्टेले एनर्गी’ या तंटानिवारण संस्थेकडे जाता येते. तिची सेवा घरगुती ग्राहकाला विनाशुल्क आहे आणि पुरवठादाराला प्रक्रियेत भाग घ्यावाच लागतो. अर्ज जर्मनमध्ये करायचा असतो. मसुदा करताना अडचण आली तर प्रत्येक राज्यातील ‘फेरब्राउखर-त्सेंट्राले’ हे ग्राहक सल्ला केंद्र अल्प शुल्कात मदत करते. तक्रारीला बिल, करार, मीटरच्या वाचनाची छायाचित्रे आणि ग्रिड कंपनीकडील नोंदणीची प्रत जोडावी.